चाळीस मिनिटांची चार मिनिटं

तीस वर्षं मी हपिसात टाइप केलं, कन्नड आणि इंग्रजी, आणि त्यातलं एक अक्षरसुद्धा माझं नव्हतं. आता सहासष्टाव्या वर्षी स्वतःचं काही लिहायला बसलेय, तेही मराठीत. आमच्या घरात मराठी उंबऱ्याच्या आत असते. बाहेर पाऊल टाकलं की कन्नड. मैसूरात सहा पिढ्या गेल्या, त्यामुळे माझ्या मराठीला कुठला वास येतो तो मला नाही येत, पुण्याच्या लोकांना येतो. आमचा साहेब म्हणायचा, काकू, तुमची मराठी म्हणजे सांबारात कालवलेलं वरण. मी म्हणायची, खाऊन तर बघा आधी.

हा साहेब म्हणजे आमच्या छोट्या कंपनीचा मालक. पुण्याहून आलेला, वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. कामाच्या वेळी मी त्याला अहो म्हणायची आणि डबा उघडला की अरे. मैसूरच्या गोकुलम भागातल्या एका घराच्या माडीवर आम्ही सहा जण बसायचो. खाली उपाहारगृह, तिथं योग शिकायला आलेले परदेशी लोक गुंडाळलेल्या चटया मांडीशी घेऊन इडली खात. वर आमची सहा टेबलं, एक पंखा, आणि भिंतीवर पडदा, ज्यावर आमच्या टेस्ट हिरव्या की लाल ते दिसायचं.

टेस्ट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं सुम्ने वाचल्यासारखं होईल, म्हणजे उगीच. मी निवृत्त झाल्यावर भाचीची जुनी पुस्तकं वाचून प्रोग्राम लिहायला शिकले. नवरा गेला होता, घरात वेळ फार होता. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून जे कळलं ते माझ्या पद्धतीनं कळलं. कुणी प्रोग्राम लिहिला की तो बरोबर चालतो का हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्राम लिहायचा, ती टेस्ट. बरोबर असलं तर पडद्यावर हिरवी, नाहीतर लाल. हे तपासायचं काम मला जमायचं, म्हणून साहेबानं मला ठेवून घेतलं. बायकांना जमतं हो, तांदूळ निवडल्यासारखं आहे.

आणि मला शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं खरं शिकवलं. मुलगी म्हणते, पण तीस वर्षांची होती. टी. नरसीपूर या तालुक्याच्या गावाहून रोज बसनं यायची. कन्नड घरातली, मला अम्मा म्हणायची. आम्ही बोलायचो ते कन्नडात, इथं मी ते मराठीत लिहितेय.

तिचे वडील शिंपी होते. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, त्यांना मैसूरात आणून डायलिसिसच्या मशीनवर लावावं लागे. एका धर्मादाय संस्थेची शहरात तीन केंद्रं होती, त्यातल्या एकात. चार दिवसांवर गेलं तर छातीत पाणी चढायचं. हे मी ऐकलेलं सांगत नाही. एकदा बसचा संप झाला तेव्हा एका दिवसानं उशीर झाला होता आणि ते आमच्या जिन्याच्या पाच पायऱ्या चढून बसले, बोलता येईना. त्या दोन दिवसांवर तो माणूस उभा होता. सोमवार आणि गुरुवार. मशीन चुकलं तर काय, हे आम्हा सहाही जणांना ठाऊक होतं.

एरवी बोलके होते. मशीनवरून सुटले की लेकीची वाट बघत आमच्या जिन्यावर बसायचे आणि चटयावाल्या परदेशी लोकांकडे बघत राहायचे. मला म्हणाले, अम्मा, मी चाळीस वर्षं जमिनीवर मांडी घालून शिवणयंत्राचे भाग जुळवले, मला कुणी गुरू म्हटलं नाही. माझ्या लॅपटॉपला त्यांनी निळ्या खादीचं कव्हर शिवून दिलं, आत जुन्या चादरीचं अस्तर. माप घ्यायला लॅपटॉप मागितला नाही. नजरेनं घेतलं.

त्या संस्थेत नंबर कुणाचा कधी, हे वहीत लिहीत. फोन करायचा, फोन लागायचा नाही, लागला तर वही दुसऱ्याच्या हातात असायची. तालुक्यातून आलेली माणसं परत जायची. मग मुलीनंच साहेबाला गळ घातली, आपण त्यांना सर्व्हिस करून देऊया. साहेब दोन दिवस नाही म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. पुण्याचा असला तरी मनानं बरा होता.

सर्व्हिस म्हणजे दुकानाच्या मागच्या खिडकीसारखी. पुढं फोनवर माणूस बटण दाबतो, मागं ही खिडकी निरोप घेते, वहीत लिहिते, उत्तर देते. आता अशी खिडकी तपासायची तर ती उघडी पाहिजे. म्हणून टेस्ट स्वतःच्याच पोटात एक छोटा सर्व्हर सुरू करते. खराखुरा सर्व्हर, पण बाहेर कुणाला दिसत नाही. टेस्ट त्याला निरोप पाठवते, उत्तर तपासते, आणि काम झालं की तो सर्व्हर बंद.

दुसरी गोष्ट सेशन. सर्व्हरला चेहरे लक्षात राहत नाहीत. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला देतात ना, तसा तो पहिल्यांदा लॉगिन केलं की एक बिल्ला देतो. पुढच्या प्रत्येक निरोपाबरोबर तो बिल्ला दाखवायचा, म्हणजे त्याला कळतं ही मघाचीच बाई, हिनं दुसरं केंद्र निवडलंय, ही या पेशंटसाठी आलीय. त्या बिल्ल्याच्या खणात तो सगळं ठेवतो. नव्यानं लॉगिन केलं की नवा बिल्ला, रिकामा खण.

मुलीनं लिहिलेल्या प्रत्येक टेस्टमध्ये सर्व्हर नवा, लॉगिन नवं, बिल्ला नवा. तीनशेच्या वर टेस्ट होत्या आणि प्रत्येकीला सात-आठ सेकंद. सगळ्या चालायला चाळीस मिनिटं लागायची. कुणी एक ओळ बदलली की चाळीस मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं. साहेब म्हणायचा, चाळीस मिनिटांत मी आईशी फोनवर दोनदा भांडून एकदा समेट करतो. बाकीचे टेस्ट चालवायला टाळाटाळ करायला लागले, आणि टेस्ट न चालवणं हे मला निवडल्याशिवाय भात शिजवण्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, मी बघते.

मी काय बघितलं? मी बघितलं की दर वेळी आपण सर्व्हर पेटवतोय आणि विझवतोय. दर डोशाला गॅस बंद करून पुन्हा लावावा तसं. माझ्या हाताला ते सोसेना. आमच्या घरी तवा एकदा तापला की सगळ्यांचे डोसे होईपर्यंत खाली उतरायचा नाही. मी एका आठवड्यात सगळं फिरवलं. सर्व्हर एकदाच सुरू करायचा. लॉगिन एकदाच. तोच बिल्ला सगळ्या टेस्टनी वापरायचा. दोन टेस्टच्या मधे वहीची पानं पुसायची, म्हणजे नोंदी गळून जातील, एवढी काळजी मी घेतली होती. पानं पुसली. बिल्ल्याचा खण पुसला नाही. तो दिसतच नाही ना.

चार मिनिटं. चाळीस मिनिटांची चार मिनिटं झाली. साहेबानं खाली जाऊन मैसूरपाक आणला.

मुलीनं माझा कोड वाचला. तिला वाचायला वेळ लागायचा, कारण ती खरंच वाचायची. दुपारी डबा खाताना हळूच म्हणाली, "अम्मा, हे एंजलु होतंय. मागच्या टेस्टनं सेशनमध्ये ठेवलेलं पुढचीच्या तोंडात जातंय."

एंजलु म्हणजे उष्टं. मी तिच्या डब्यातला लिंबूभात माझ्या बोटांनी उचलून खाल्ला आणि म्हटलं, "एकाच घरातल्या माणसांत कसलं गं उष्टं?"

सगळे हसले. तीही हसली. मग तिनं मान डोलावली आणि डबा बंद केला.

हे मान डोलावणं मला आता रोज दिसतं. तिला पटलं नव्हतं. पण ती ज्या घरातली होती त्या घरात मोठ्या बाईला दुसऱ्यांदा नाही म्हणत नाहीत. एकदा सांगायचं, ऐकलं तर ठीक, नाहीतर आय्तु, झालं. मी तिच्याकडून शिकत होते, हे खरं तर दोघींनाही माहीत होतं. तरी डब्यापाशी मी अम्मा होते. साहेबानं म्हटलं असतं तर ती भांडली असती. साहेबाशी ती भांडायची, मी ऐकलंय.

आणि मला हे कळायला नको होतं का? माझ्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खायच्या नाहीत. चार महिने त्यांचा तवा वेगळा, उलथणं वेगळं, ते टांगायचा खिळा वेगळा. मी तीस वर्षं ते पाळलं. घासलेल्या तव्यालाही कांद्याचा वास राहतो म्हणायच्या, आणि राहायचा हो, मी स्वतः हुंगून बघितलाय. ज्या बाईनं तीस वर्षं दोन तवे सांभाळले तिनं तीनशे टेस्टना एक बिल्ला दिला.

पुढं सात-आठ महिने काही झालं नाही. सर्व्हिस चालत होती. तालुक्यातल्या आरोग्यसेविका फोनवरून नंबर लावायच्या, माणसं वेळेवर यायची, केंद्रातली नर्स यादी बघून हाक मारायची. मुलगी सोमवार-गुरुवारी वडिलांना पहाटेच्या बसनं आणायची, केंद्राच्या फाटकाशी सोडायची आणि नऊ वाजता माडीवर यायची. मी तिच्यासाठी खालून इडली सांगून ठेवायची. ते दिवस चांगले होते.

एक अडचण उरली होती. दर वेळी सगळा फॉर्म नव्यानं भरावा लागे. केंद्र निवडा, पेशंट निवडा, डॉक्टर निवडा, वजन लिहा. जे लोक वर्षानुवर्षं त्याच दिवशी त्याच जागी जातात त्यांना हे कशाला? तिचे वडील म्हणायचे, माझं माप एकदा घेतलंय ना, मग दर वेळी काय टेप लावता? म्हणून तिनं एक लिंक केली. मागचाच नंबर पुन्हा लावा. एकदा दाबायचं, झालं. ती लिंक तिनं वडिलांसाठी केली होती. तसं ती म्हणाली नाही, पण आम्हाला कळत होतं.

आता नीट सांगते, कारण हेच सगळं आहे. नेहमीच्या रस्त्यानं गेलं तर पहिल्या पानावर केंद्र निवडलं जायचं आणि सर्व्हर ते बिल्ल्याच्या खणात ठेवायचा. नव्या लिंकनं पहिलं पान येतच नव्हतं. पण नोंद करणारा कोड केंद्राचं नाव घ्यायला त्या खणातच हात घालायचा. नुकतंच लॉगिन केलेल्या माणसाच्या खणात काय असणार? काही नाही. तिथं सर्व्हरनं थांबून नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. त्यानं केंद्राची जागा कोरी ठेवून नोंद केली आणि मेसेज पाठवला, तुमचा नंबर लागला आहे, गुरुवार, सकाळी सात. ज्या नोंदीला केंद्र नाही ती तिन्हीपैकी कुठल्याच केंद्राच्या यादीत दिसत नाही.

मी त्या लिंकची टेस्ट लिहिली होती. लिंक दाबा, मग पहिल्या केंद्राची यादी बघा, नाव आहे का. हिरवी. का हिरवी? कारण तिच्या आधीच्या टेस्टनं पहिलं केंद्र निवडलं होतं आणि ते माझ्या त्या एकाच बिल्ल्याच्या खणात पडून होतं. त्या टेस्टनं दुसरीचं उष्टं खाल्लं आणि पोट भरलं म्हणून सांगितलं. मुलीनं स्वतःच्या फोनवरही बघितलं, पण त्याच लॉगिनमध्ये तिनं दोन मिनिटं आधी केंद्र निवडलेलं होतं. पूर्वी नवी टेस्ट लिहिली की मुलगी आधी ती टेस्ट एकटीच चालवून बघायची, ही तिची सवय होती. माझ्या चार मिनिटांनी ती मोडली. चारच मिनिटं तर लागतात, मग एकटी कशाला चालवायची, सगळ्याच चालवूया.

मंगळवारी लिंक सुरू झाली. बुधवारी संध्याकाळी घरी जाताना, बसमध्ये एका हातानं दांडी धरून, नव्यानं लॉगिन करून तिनं वडिलांचा गुरुवारचा नंबर एका बोटानं लावला. मला मेसेज केला, अम्मा, एका बोटात झालं. मी तिला फुलाचं चित्र पाठवलं. ते अजून माझ्या फोनमध्ये आहे.

गुरुवारी ती नेहमीसारखी वडिलांना फाटकाशी सोडून आली. इडली खाल्ली. साडेनऊला त्यांचा फोन आला. अडीच तास ते बाकावर बसले होते. मेसेज दाखवला तर नर्स म्हणाली, बसा, यादीत शोधते. मोठ्या आवाजात बोलणारे नव्हते ते. बसले. त्यांच्यासारखाच मेसेज घेऊन आणखी तिघं बसले होते.

मुलगी माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. मी नोंदी उघडल्या. चार नोंदी, चारही केंद्राविना. साहेब संस्थेत फोन लावायला जिन्यात गेला. मी टेस्ट चालवल्या. सगळ्या. चार मिनिटं आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो आणि सगळ्या हिरव्या झाल्या.

मग ती म्हणाली, "ती एकटी चालवा, अम्मा."

मी बाकीच्या बंद करून ती एकटी चालवली. लाल.

माझ्या खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता, तो तिनं उचलला, पिशवी घेतली आणि जिना उतरून गेली.

मी दहा मिनिटांत त्या चार नोंदी दुरुस्त केल्या. यादीत नावं दिसायला लागली. पण यादीत नाव दिसल्यानं मशीन वाढत नाही. सगळ्या मशीनवर माणसं लागलेली होती, तिन्ही केंद्रांत, संध्याकाळपर्यंत. साहेबानं सगळ्यांना फोन केले. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. विनवत होता.

त्या दुपारचं मला मुलीनं नंतर सांगितलं. दोनच्या सुमारास एक मशीन मोकळं झालं, कुणीतरी आलं नव्हतं. दोघांना आधीच मोठ्या रुग्णालयाकडं पाठवलं होतं. उरले तिचे वडील आणि एच. डी. कोट्याच्या पलीकडून आलेला एक म्हातारा, ज्याची शेवटची बस पाचला होती. नर्सनं विचारलं, कोण? वडिलांनी त्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. याला लांब जायचंय, माझी लेक इथंच आहे, मी उद्या येतो. मुलगी तेव्हा औषधाच्या दुकानात गेली होती. परत आली तेव्हा म्हातारा मशीनवर लागलेला होता.

उद्या नंबर नव्हता. शनिवारचा मिळाला. शुक्रवारी दुपारीच त्यांच्या छातीत पाणी भरलं. तालुक्याच्या दवाखान्यातून गाडी करून मैसूरला, तिथं मोठ्या रुग्णालयात तातडीनं मशीनवर. वाचले. दहा दिवसांनी घरी गेले. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाले, हात थरथरतो. महिन्याभरानं गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय दोन वर्षांपासून थकलेलं होतं, त्या एका दिवसानं झालं असं सांगता येत नाही. झालं नाही असंही सांगता येत नाही, हे ते म्हणाले नाहीत, पण मी त्यांच्या वाक्याच्या पाठीमागं ते वाचलं. प्रोग्राममध्ये बरं असतं. जे बिघडलं ते तसंच पुन्हा करून बघता येतं, एक गोष्ट काढायची, पुन्हा चालवायचं, लाल की हिरवं. इथं मी काय काढून बघू?

अकराव्या दिवशी मी टी. नरसीपूरला गेले. साहेब येतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. नदीच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत शिवणयंत्र, त्यावर धुतलेली चादर घातलेली. मी ठरवून गेले होते की त्यांच्या बायकोला सगळं सांगायचं. हे माझ्यामुळं झालं, माझ्या हातानं. मी बसमध्ये शब्द जुळवले होते. सर्व्हर कसा सांगायचा, सेशन कसं सांगायचं. चपलांचा बिल्ला वगैरे.

त्या बाईनं माझा हात धरला आणि पानावर बसवलं. म्हणाल्या, तुम्ही माझ्या मुलीला केवढं शिकवलंत, ती रोज तुमचं नाव काढते. मी म्हटलं, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या म्हणाल्या, आधी जेवा. पायस वाढलं. मी सुरुवात केली, त्या दिवशी नंबर लागला नाही ना, तो, आणि त्या म्हणाल्या, हो, कॉम्प्युटर चुकला म्हणाली मुलगी, त्याला काय करणार. आणि माझ्या पानावर आणखी भात वाढला.

हात धुवायला मागं गेले तेव्हा मुलगी दगडावर भांडी विसळत होती. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले.

"आईला सांगू नका, अम्मा," ती म्हणाली. "कुणावर रागवायचं ते तिला माहीत नाही. तेवढं तरी राहू दे."

मी विचारलं, "आणि तू?"

तिनं एक ताट विसळून उभं केलं. दुसरं घेतलं.

"कोड माझा होता," ती म्हणाली.

मी म्हटलं टेस्ट माझी होती, तुझ्या जुन्या टेस्टनी पहिल्याच दिवशी पकडलं असतं, तू मला सांगितलं होतंस, लिंबूभाताच्या दिवशी, तुला आठवतंय. ती ऐकत होती. मान डोलावली. अगदी तशीच. मग आतून कुणी हाक मारली आणि ती ओले हात पदराला पुसत गेली. तिनं मला चार शब्द लागट बोलायला हवे होते. मी त्यासाठीच गेले होते, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं. अय्यो, त्यांच्या घरी मी माझ्यासाठी गेले होते.

ती कामावर आली नाही. पंधरा दिवसांनी साहेबाला पत्र आलं, चार ओळींचं. मला फोन केला नाही, मीही केला नाही. युगादीला, म्हणजे पाडव्याला, तिचा मेसेज यायचा, त्या वर्षी आला नाही. आता कुठं असते ते साहेबालाही ठाऊक नाही. घर बंद आहे म्हणे, आईला बरोबर नेलं.

संस्थेनं पुन्हा वही सुरू केली. त्यांना दोष देता येत नाही. वहीत नाव नसलं तर निदान फोनवरच कळतं. ज्या माणसांना फोन लागत नाही ती पूर्वीसारखी येतात आणि पूर्वीसारखी परत जातात. साहेबानं माडी सोडली, आता घरूनच दुसऱ्यांची कामं करतो. जाताना मला म्हणाला, काकू, सर्व्हिसचा सगळा कोड तुमच्या लॅपटॉपवर राहू दे, मला नको. मी म्हटलं, अरे, मला तरी कशाला. पण पुसला नाही.

सगळं बंद झाल्यावर मी तीन महिने बसून तीनशे टेस्ट परत तिच्यासारख्या केल्या. प्रत्येकीला नवा सर्व्हर, नवं लॉगिन, नवा बिल्ला. तिच्या जुन्या ओळी जशा होत्या तशा काढून ठेवल्या, स्वल्पविरामसुद्धा. नोंद करणाऱ्या कोडमध्ये एक अट घातली. दोन ओळींची अट. आणि त्या अटीसाठी एक टेस्ट.

गुरुवारी सकाळी मी निळं कव्हर काढते, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवते आणि सगळ्या टेस्ट सुरू करते. या सर्व्हिसला आता कुणी निरोप पाठवत नाही, तिच्या मागं यादी नाही, नर्स नाही, मशीन नाही. भाची म्हणते, मावशी, कशाला वीज जाळतेस. एकामागून एक सर्व्हर सुरू होतो, बंद होतो. मधे उठून भाजी चिरता येईल, पण मी उठत नाही. चाळीस मिनिटं बसते.

एकतिसाव्या-बत्तिसाव्या मिनिटाला ती टेस्ट येते. सर्व्हर सुरू होतो. कुणीतरी नुकतंच लॉगिन केलेलं असतं, हातात नवा बिल्ला, खण रिकामा. ते लिंक दाबतं. सर्व्हर खणात बघतो आणि सांगतो, केंद्र निवडलेलं नाही, नंबर लागला नाही. हिरवी. मग तो बंद होतो आणि पुढचीसाठी दुसरा सुरू होतो.